बर्फातल्या बाईचा सिनेमा

बंगळूरला आले त्या वर्षी मला दिवाळीला घरी जाता आलं नाही. आमच्या कंपनीचं सगळं काम अमेरिकेतल्या एका विमा कंपनीसाठी चालायचं आणि तिथे दिवाळी कुणाला ठाऊक नव्हती. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी बेळ्ळंदूरच्या ऑफिसात, कुठल्या तरी परक्या माणसाचा विम्याचा अर्ज नीट भरला जातो की नाही, हे तपासत बसले होते. निपाणीहून आईचा फोन आला. मागे फटाके वाजत होते. जेवलीस काय गं, एवढंच तिने विचारलं आणि मी हो म्हणून फोन ठेवला, कारण आणखी एक वाक्य बोलले असते तर रडले असते.

मग डिसेंबर आला आणि त्याच अमेरिकन कंपनीने आठ-दहा दिवसांसाठी दार लावून घेतलं. ऑफिस ओस पडलं. ज्याला जिकडे जायचं तिकडे तो गेला. फक्त नव्यांपैकी एकाने शहरात थांबायचं होतं, काही अडलं तर बघायला, आणि ती मी होते. सुट्टी होती, पण घरी जाता येत नव्हतं.

मी तेव्हा कोरमंगलात एका जुन्या बैठ्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत राहत होते. घर एका निवृत्त नर्सबाईंचं. मंगळूरकडच्या कॅथलिक, वय पासष्टीच्या आसपास, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मी त्यांना आंटी म्हणायचे. त्या माझ्याशी अर्धं कन्नड आणि अर्धी त्यांची कोकणी बोलायच्या. कन्नड मला निपाणीमुळे येत होतं, आणि कोकणी मराठीच्या आधाराने समजायची. जिथे दोघींचंही अडायचं तिथे इंग्रजी. त्या मला 'बाये' म्हणायच्या. हा शब्द कानाला इतका ओळखीचा वाटायचा की मला त्यांच्यापुढे परकं वाटलंच नाही.

तेवीस तारखेला सकाळी त्यांनी जिन्याखालून हाक मारली. हात रिकामे असतील तर खाली ये, म्हणाल्या. खाली गेले तर स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलेली, त्यावर लाटलेल्या पाऱ्या, आणि परातीत खोबऱ्या-तिळाचं सारण. नाताळाच्या नेवऱ्या करतेय, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, आंटी, ह्या तर करंज्या. शेजारच्या डब्यांत चकल्या होत्या, लाडू होते, शंकरपाळ्यांसारखंच काहीतरी गोड होतं. मी बसून पाऱ्या भरू लागले आणि कातण्याने कडा कापता कापता माझे डोळे वाहायला लागले. आंटींनी पाहिलं. तळलेली पहिली नेवरी बशीत घालून त्यांनी माझ्यापुढे सरकवली.

मी वर जायला निघाले तेव्हा म्हणाल्या, "उद्या दुपारी साडेतीनला ये. सिनेमा बघायचा असतो."

बघायचा असतो, असं म्हणाल्या. पाडव्याला ओवाळायचं असतं, तसं.

तो एक जुना, काळापांढरा इंग्रजी सिनेमा होता. कुठल्याशा थंड देशातलं लहानसं स्टेशन आणि त्याच्यासमोर एका विधवा बाईचं घर. तिचा एकुलता एक मुलगा बोटीवर कामाला असतो आणि त्याने कळवलेलं असतं की या नाताळाला नक्की येतो. बाई आठवडाभर राबते. सूप, भाजलेलं बदक, केक, त्याची गादी, त्याच्यासाठी विणलेला स्वेटर. आणि नाताळच्या आदल्या दिवशी असं बर्फ पडतं की गाड्या बंद होतात. अडकलेले प्रवासी एकेक करून तिचं दार ठोठावतात. ती कुणालाही आनंदाने आत घेत नाही, हे मला फार खरं वाटलं. पहिल्याला ती नुसतं सूप देते आणि बदक कपाटात लपवते. मग एक बाई तान्हं मूल घेऊन येते, तेव्हा बदक बाहेर निघतं. मग केक जातो. मग मुलाची गादी. शेवटी एक म्हातारा वाजंत्री कुडकुडत येतो, आणि बाई स्वेटर हातात घेऊन कितीतरी वेळ उभी राहते. तेव्हा पडद्यावर संगीतसुद्धा नसतं. मग ती तो त्याच्या अंगात घालते आणि बाह्या लांब होतात म्हणून आपल्या हाताने दुमडून देते.

मुलगा येत नाही. चार दिवसांनी बर्फ वितळतं आणि पोस्टमन त्याचं पत्र घेऊन येतो. बाई खिडकीपाशी जाऊन पाकीट फोडते.

इथे आंटी उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी नळ सोडला. भांडी नव्हती, नुसता नळ. पत्र मी एकटीने ऐकलं. मुलगा लिहितो की त्याचीही गाडी वाटेत अडकली, त्याने एका अनोळखी घराचं दार वाजवलं आणि तिथल्या बाईने त्याला आत घेतलं. सूप गरम होतं, आई. निजायला गादी दिली. ती फारशी बोलली नाही. तिच्याकडेही कुणी यायचं होतं वाटतं. एवढंच, आणि सिनेमा संपतो.

आंटी हात पुसत बाहेर आल्या. शेवट तुम्ही बघत नाही का, असं मी विचारलं. तो शेवट माझ्या लेकीचा, त्या म्हणाल्या, तिला आवडायचा. भिंतीवर एक फोटो होता: पांढऱ्या झग्यातली, डोक्यावर फुलांचा मुकुट घातलेली, हसणारी मुलगी. लहानपणापासून नाताळाच्या आदल्या दुपारी त्या दोघी हा सिनेमा बघायच्या. ती आता कुठे असते, हे विचारायला मी तोंड उघडणार, तोच आंटी त्यांच्या त्या मिसळलेल्या भाषेत म्हणाल्या, "ती देवाघरी गेली. सव्वीस वर्षांची होती."

मी उठून टीव्ही बंद केला.

त्यानंतर दहा महिने मी त्या घरात जपून वावरले. आईला फोन करायचा असला की गच्चीच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीमागे जायचे, म्हणजे माझं 'आई, आई' खाली ऐकू जाऊ नये. वाढदिवस आला तो लपवला, कारण मीही सव्विशीकडे निघाले होते. आईला सगळं सांगितलं होतं. तिने निपाणीहून कांदा-लसूण चटणीचा डबा पाठवला आणि त्यांना एकटं जेवू देऊ नकोस म्हणून बजावलं. म्हणून रविवारी मी खाली जेवायला लागले. ही माझी माया कुठून उगवली हे आंटींना कळत नसणार. पण त्यांनी ती मुकाट्याने घेतली, आणि हळूहळू रविवारी दोन ताटं मांडायची त्यांना सवय झाली.

ऑक्टोबरात त्यांच्या गुडघ्याने दगा दिला. त्यांना गाडीतून इकडेतिकडे नेणारे दीर मंगळूरला परत गेले होते. एका शनिवारी त्यांनी मला विचारलं, "उद्या लेकीला भेटायला जायचंय. सोबत येशील?"

मला वाटलं, दफनभूमीत. सकाळी लवकर उठून मी कोपऱ्यावरच्या फुलवाल्या अक्कांकडून पांढऱ्या शेवंतीचा मोठा पुडा घेतला, साधा पांढरा कुडता घातला आणि आंटींना हाताला धरून ऑटोत बसवलं. त्यांच्या पिशवीत लिंबाच्या लोणच्याची बरणी आणि लोकरी मोज्यांचे दोन जोड होते. तिच्या नावाने कुणा गरिबाला द्यायचे असतील, असं मी समजले. त्यांनी फुलांकडे बघितलं आणि स्वल्प जास्तच घेतलीस, म्हणाल्या.

ऑटो महादेवपुऱ्याच्याही पलीकडे गेली. दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती, आणि मध्येच एक उंच दगडी भिंत, लोखंडी फाटक, आत चिकूची झाडं. हा सिस्टरांचा मठ आहे हे पाटीवरून कळलं. थडगी मागच्या अंगाला असतील, असा विचार करत मी आंटींच्या मागोमाग एका खोलीत शिरले. खोली मधोमध लाकडी जाळीने विभागलेली. अलीकडे दोन खुर्च्या, जाळीच्या पलीकडे पडदा.

पडदा सरकला आणि आतून आवाज आला, "ममा, गुडघा कसा आहे?"

तपकिरी झग्यातली, चाळिशीला टेकलेली एक बाई हसत होती. फोटोतलंच हसू. मी शेवंतीचा पुडा छातीशी धरून नुसती उभी राहिले.

तिला माझ्याविषयी सगळं ठाऊक होतं. निपाणी, आईची चटणी, रविवारची जेवणं. मी समोर बसले तेव्हा ती माझ्याशी कितीतरी दिवसांच्या ओळखीसारखं बोलत होती आणि ती जिवंत आहे हे मनात बसवण्याची माझी धडपड चालली होती. फुलं कुणासाठी आणलीस, असं तिने विचारलं. तुमच्यासाठी, मी म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. मग देवापुढे ठेवते, म्हणाली. भिंतीत एक फिरतं लाकडी कपाट होतं. आंटींनी त्यात मोजे, लोणचं आणि फुलं ठेवली, कपाट फिरलं आणि सगळं पलीकडे गेलं. तिथल्या सिस्टर मठाबाहेर पडत नाहीत, आयुष्यभर. घरच्यांना काही महिन्यांनी एकदा अशी भेट मिळते, आणि नाताळाआधीचे चार आठवडे तर तीही बंद. मायलेकींना एकमेकींना शिवायचं असलं तर जाळीच्या भोकांतून बोटांची टोकं टेकता येत होती, तेवढीच.

आम्ही निघताना तिने आईला विचारलं, सिनेमात पत्र आलं की अजून नळ सोडायला जातेस का. आंटी पर्सची चेन लावण्यात गुंतल्या.

परतीच्या ऑटोत मी सगळं कबूल केलं. आमच्या भाषेत देवाघरी जाणं म्हणजे काय ते सांगितलं, टाकीमागच्या फोनचं सांगितलं, शेवंतीचं सांगितलं. आंटी हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ऑटोवाले अण्णा आरशातून मागे बघायला लागले. मग ते हसू ओसरलं.

मुलगी मठात गेली त्या दिवसाविषयी त्या पहिल्यांदाच बोलल्या. सगळ्यांनी येऊन अभिनंदन केलं होतं. पोर गेली असती तर शेजारणी जवळ बसल्या असत्या, चार दिवस डबे आले असते; पण इथे रडायला तोंडच नव्हतं. रडलं तर देवाशी भांडल्यासारखं झालं असतं. मुलगी म्हणायची, ममा, शेवट बघ ना, त्याला दुसऱ्या बाईने जेवू घातलं. "पण मला ती दुसरी बाई नकोच होती," आंटी म्हणाल्या. "मला माझ्या हाताने वाढायचं होतं."

सिल्क बोर्डच्या सिग्नलला ऑटो थांबली. त्या म्हणाल्या, "फादर दर वर्षी सांगतात, नाताळ हा देण्याचा सण, ह्या दिवशी देवाने आपला मुलगा जगाला दिला. मी ऐकते आणि मनात देवाला म्हणते, तुझा मुलगा तेहतीस वर्षांनी तुझ्याकडे परत तरी आला." आणि असं बोलू नये म्हणून त्यांनी लगेच कपाळ, छाती, खांदे असा क्रूस केला.

त्या दिवसानंतर मॉलमधलं ते कापसाचं बर्फ आणि चमचमती झाडं बघताना मला त्यांचं हे वाक्य आठवतं. देण्याचा सण असं सगळे म्हणतात. देताना किती दुखतं हे मी एका बाईकडून ऐकलं, आणि तरीही दर डिसेंबरात ती बाई परातभर सारण करत होती.

पुढे मी ऑफिसजवळ बेळ्ळंदूरला फ्लॅटमध्ये राहायला गेले, पण चोवीस तारखेची दुपार मोडली नाही. रिंग रोडवर दीड तास अडकून का होईना, मी साडेतीनच्या आत पोचायचे. सिनेमाची तबकडी अडखळायला लागली तेव्हा मी तो पेन ड्राइव्हवर घालून दिला. आंटी प्रत्येक वेळी पत्राला उठायच्या, आणि मी प्रत्येक वेळी ते एकटीने ऐकायचे.

एका वर्षी आई आली. दोघींनी नेवऱ्या-करंज्या मिळून केल्या. सारणात खसखस घालायची की तीळ यावर दोघींचं एकमत झालं नाही, म्हणून दोन पराती झाल्या. सिनेमा चालू असताना मी आईच्या कानात मराठीत सांगत होते. पत्र आलं, आंटी उठल्या, आणि त्यांना काही मदत हवी असेल असं समजून आईही त्यांच्यामागे गेली. थोड्या वेळाने नळ बंद झाल्याचा आवाज आला. दोघी लवकर बाहेर आल्या नाहीत. आईला कन्नड जेमतेम येतं आणि आंटींना मराठी तुटक समजायचं. काय बोललात, असं मी रात्री आईला विचारलं. ती म्हणाली, "बोलायचं काय? माझी पोर इथं जेवली ना. मी त्यांचे हात धरले."

मागच्या वेळच्या नाताळात आंटी फार थकल्या होत्या. हृदयाचं दुखणं निघालं होतं. नेवऱ्या मीच केल्या. त्या खुर्चीतून सूचना देत होत्या. सिनेमा लावला. पत्र आलं. त्या उठल्या नाहीत. उठवेना म्हणून की ऐकायचं होतं म्हणून, मला सांगता येणार नाही. पत्र पुरं झालं, पडदा काळा झाला, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "सूप गरम होतं म्हणतो." मग बशीतली नेवरी त्यांनी अर्धी केली आणि अर्धी मला दिली.

मे महिन्यात त्या गेल्या. मुलीला बाहेर येता येत नव्हतं, म्हणून दफनाआधी गाडी मठात न्यायची परवानगी मुख्य सिस्टरांनी दिली. चिकूच्या झाडांखालून आम्ही पेटी आतल्या चर्चमध्ये नेली, जाळीच्या अगदी जवळ ठेवली. पलीकडून सिस्टरांनी गाणं म्हटलं. त्या सगळ्यांच्या आवाजात तिचा आवाज कुठला ते मला ओळखता आलं नाही. गाणं संपल्यावर जाळीतून चार बोटं बाहेर आली आणि लाकडाला टेकली. दिरांनी पेटी आणखी थोडी पुढे सरकवली.

कोरमंगलातलं घर आता बंद आहे. दीर विकायचं म्हणतात.

यंदा डिसेंबर लागला तसं ऑफिस रिकामं होऊ लागलं. मला आता सुट्टीत कुठेही जाता येतं. मी निपाणीला जाऊनही आले. आईने करंज्या केल्या होत्या. पण चोवीस तारखेला दुपारी तीन वाजून गेल्यावर माझा जीव थाऱ्यावर राहीना. पेन ड्राइव्ह पर्समध्ये होता आणि समोर टीव्ही होता. मी तो लावला नाही. आईने एकदा माझ्याकडे बघितलं आणि चहा टाकायला गेली. नाताळ माझा सण नव्हता कधी, पण त्या दुपारी मला घरची इतकी आठवण आली, आणि मी तर घरीच बसले होते.

जानेवारीत भेटी सुरू झाल्या त्या पहिल्या रविवारी मी मठात गेले. पडदा सरकला. ती थोडी वाळली होती, चष्मा लागला होता. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर तिने विचारलं, सिनेमा पाहिलास का. नाही, म्हटलं. मग सांग मला, ती म्हणाली, मी शेवटचा पाहून सोळा-सतरा वर्षं झाली.

मी सांगायला लागले. स्टेशन, बर्फ, लपवलेलं बदक. मध्ये मी एक प्रवासी विसरले, तो तिने आठवून दिला. स्वेटरच्या बाह्या दुमडण्यापर्यंत आले तेव्हा तिने डोळे मिटून घेतले होते. मग पत्र आलं आणि मी थांबले.

"ममा उठली?" तिने विचारलं.

"शेवटच्या वर्षी नाही उठल्या. पूर्ण ऐकलं."

मी आंटींचं ते वाक्य सांगितलं, सूप गरम होतं म्हणतो. तिने कपाळ जाळीला टेकवलं आणि तशीच बसून राहिली. बाहेर कुणीतरी पाचोळा झाडत होतं, त्याचा आवाज येत होता. मला वाटलं आता घंटा होईल आणि वेळ संपेल, पण घंटा झाली नाही. बऱ्याच वेळाने तिने मान वर केली, चष्मा पुसला आणि विचारलं, आई कशी आहे तुझी, तिला एकदा घेऊन ये. मी पुढच्या भेटीची तारीख विचारून घेतली.